‘आम्ही’ म्हणजे कोण? : जपानी छायाचित्र-वधूंवरची एक कादंबरी मराठीत आणताना

नदीकाठ

आमच्या पुण्यातल्या लहानशा वाचनगटाने यंदा ज्युली ओत्सुका यांची ‘द बुद्धा इन द अ‍ॅटिक’ ही कादंबरी वाचायला घेतली आहे. गटातल्या दोन ज्येष्ठ सभासदांना इंग्रजी वाचन जड जाते, म्हणून त्यांच्यापुरती काही पाने मराठीत करून देण्याचे काम मी अंगावर घेतले आणि पहिल्याच ओळीत, तेही एका सर्वनामापाशी, अडले. त्या अडण्यातून जे सुचले ते इथे मांडते आहे. ज्यांनी पुस्तक वाचले आहे त्यांनी, आणि ज्यांना भाषांतराचा सराव आहे त्यांनीही, मोकळेपणाने लिहावे.

ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कादंबरी २०११ साली आली आणि पुढच्या वर्षी तिला पेन/फॉकनर पुरस्कार मिळाला. प्रकरणे आठच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत नवऱ्याचे केवळ छायाचित्र पाहून लग्न झालेल्या जपानी मुली बोटीने सॅन फ्रान्सिस्कोला येतात तिथून, दुसऱ्या महायुद्धात त्यांना मुलाबाळांसह उचलून छावण्यांत धाडले जाते तिथपर्यंतचा काळ त्यात आहे. पुस्तकाला नायिका नाही. बोटीवरची सर्वांत धाकटी बारा वर्षांची आहे आणि सर्वांत थोरली सदतीस वर्षांची. कुणी भाताच्या खाचरांतून आलेली, कुणी शहरातून, आणि या सगळ्या मिळून ‘आम्ही’ म्हणतात. एकीचे वाक्य संपते न संपते तोच दुसरीचे सुरू होते. पहिली रात्र, शेतातली मजुरी, गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी, बाळंतपणे, मुलांचे दुरावणे, हे सारे याच स्वरात येते.

इंग्रजीत हे काम एका शब्दात भागते. मराठीत ऐकणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवणारे ‘आम्ही’ वेगळे आणि त्याला हात धरून आत घेणारे ‘आपण’ वेगळे. पहिला निर्णय तसा सोपा होता, कारण वाचक त्या बोटीवर नव्हता, तेव्हा या बायका ‘आम्ही’च म्हणणार. खरा पेच त्यापुढचा आहे. मराठी बाई ‘मी आले’ म्हणते तेव्हा बोलणारी बाई आहे हे क्रियापदच सांगून टाकते. तीच बाई चारचौघींसह ‘आम्ही आलो’ म्हणाली की ती खूण पुसली जाते, कारण पुरुषांचा घोळकाही ‘आम्ही आलो’ असेच म्हणेल. म्हणजे जे पुस्तक अथपासून बायकांच्या समूहस्वरात आहे, त्यातले बाईपण आपल्या व्याकरणात नेमके समूह होताच झाकले जाते. यावर मला ‘जणी’ या शब्दाने हात दिला. ‘आम्ही साऱ्याजणी आलो’ म्हटले की काम होते, पण दर वाक्यात ‘साऱ्याजणी’ घातले तर मजकूर हळदीकुंकवाच्या निमंत्रणासारखा वाटू लागतो.

शिवाय मूळ पुस्तकात ‘आमच्यापैकी काही’ अशी रचना पानोपानी येते. ती ‘आमच्यातल्या काहीजणी शेतावर गेल्या’ अशी केली, तर बोलणारी मागे घरीच राहिली आणि गेलेल्यांची हकीकत सांगते आहे असे होते. ‘आम्ही काहीजणी शेतावर गेलो’ असे केले, तर ती त्यांच्यात असते. मात्र पुढच्याच वाक्यात ‘आम्ही काहीजणी शहरात धुणी धुवायला लागलो’ आले, की ही एकाच वेळी दोन्हीकडे कशी, असा प्रश्न मराठी कानाला पडतो. तरीही मी हेच रूप घेतले आहे. पुस्तकाची किमया त्या अशक्यपणातच आहे असे मला वाटते. बोलणारी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातही वाकलेली आहे आणि बर्कलीतल्या मालकिणीची चांदीची भांडीही घासते आहे.

एक छोटी जागा दाखवते. गोऱ्यांविषयीच्या प्रकरणात नवऱ्यांनी शिकवलेला पहिला इंग्रजी शब्द येतो, तो पाण्याचा. शेतात भोवळ येऊ लागली की हा शब्द ओरडायचा, एवढेच शिक्षण. तिथे ‘पाणी’ लिहावे की ‘वॉटर’, यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि ‘वॉटर’ ठेवला. घशाला कोरड पडलेली असताना आईने शिकवलेला शब्द जिथे चालत नाही, अशा देशात या मुली आल्या आहेत, आणि ते वाचकालाही थोडे अडखळल्याशिवाय कळणार नाही.

आता माझा खरा प्रश्न. आठव्या, म्हणजे शेवटच्या प्रकरणात या बायका गावात उरलेल्याच नाहीत, आणि तिथे ‘आम्ही’ म्हणू लागतात ते गावातले गोरे रहिवासी. या ठिकाणी मी ‘आम्ही’ लिहावे की ‘आपण’?

साशंक

लेख आवडला, पुस्तक तेवढे आवडले नव्हते. सर्वनामाचा हा प्रयोग एखाद्या दीर्घकथेला शोभला असता. संपूर्ण कादंबरीभर तो ताणल्यामुळे मला शेवटी शेवटी खानेसुमारीचा अहवाल वाचतो आहे असे वाटू लागले. कुणी ओकाच्या झाडाखाली बाळंत झाली, कुणी गोठ्यात, कुणी एकटी, कुणी नवऱ्याच्या देखत, अशी यादी चालते, आणि वाचकाने जीव लावावा असे एकही माणूस हाती लागत नाही. दुःख घाऊक भावाने सांगितले की ते स्वस्त होते. एकाच बाईची गोष्ट नीट सांगितली असती, तर उरलेल्या हजारोंची आपोआप सांगून झाली असती, असे माझे मत आहे.

भाषांतराविषयी म्हणाल, तर ‘आमच्यातल्या काहीजणी गेल्या’ हेच सरळ मराठी आहे. ‘आम्ही काहीजणी गेलो’ हे दर ओळीला आले तर वाचकाला ती अनुवादकाची चूक वाटेल.

बखरवाचक

साशंक यांच्या आक्षेपात तथ्य आहे, पण हा स्वर कुठून आला ते पाहिले तर तो एवढा कृत्रिम वाटणार नाही, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

अमेरिका आणि जपान यांच्यात १९०७-०८ मध्ये जो ‘जंटलमेन्स अ‍ॅग्रीमेंट’ झाला, त्यानुसार जपानने मजुरांना अमेरिकेचे पारपत्र देणे थांबवले. आधीच तिथे असलेल्या पुरुषांच्या बायकांना मात्र जाता येत होते. या फटीतून छायाचित्र-वधूंची पद्धत फोफावली. जपानीत त्यांना ‘शाशिन हानायोमे’ म्हणतात. हिरोशिमा, यामागुची, कुमामोतो, वाकायामा अशा भागांतून गेलेले पुरुष तिकडे शेतमजुरी करीत होते आणि परत येऊन मुलगी पाहण्याएवढे पैसे बहुतेकांच्या गाठीला नव्हते. मध्यस्थामार्फत छायाचित्रांची देवघेव होई आणि मुलीचे नाव वराच्या घराण्याच्या ‘कोसेकी’त, म्हणजे सरकारी कुटुंबनोंदवहीत, चढले की लग्न झाले. वर समारंभाला हजर असण्याची गरजच नव्हती. अमेरिकी अधिकाऱ्यांना हे लग्न म्हणून पटेना, तेव्हा सुरुवातीची काही वर्षे बोटीवरून उतरलेल्या जोडप्यांची बंदरावरच पाश्चात्त्य पद्धतीने, तीही घाऊकपणे, पुन्हा लग्ने लावली जात. साशंक यांनी वापरलेला ‘घाऊक’ हा शब्द असा मुळातच त्या प्रकरणात आहे.

१९१० नंतर सॅन फ्रान्सिस्कोला येणाऱ्यांना उपसागरातल्या एंजल आयलंडवरच्या तपासणी केंद्रातून जावे लागे. तिथे प्रश्नोत्तरे होत, अंकुशकृमींसाठी शौचाची तपासणी होई, आणि मग नवरा घ्यायला येई. तो छायाचित्रातल्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठा निघणे ही नवलाची गोष्ट नव्हती. जुने छायाचित्र, उसना सूट, क्वचित मित्राचाच चेहरा. सगळ्याजणी रडून गप्प बसल्या असेही नाही. काही पळून गेल्या. त्या पळून जाण्याला ‘काकेओची’ असा शब्द होता आणि कॅलिफोर्नियातल्या जपानी वर्तमानपत्रांत नवरे बायकोचे वर्णन देऊन शोधाच्या जाहिराती छापत. अमेरिकेतली जपानीविरोधी ओरड वाढल्यावर १९२० मध्ये जपाननेच या वधूंना पारपत्रे देणे बंद केले आणि १९२४ च्या कायद्याने जपानी स्थलांतराचे दारच लागले. म्हणजे ही संपूर्ण पिढी एका तपाच्या फटीतून आत आली.

यातल्या बहुतेकींनी स्वतःविषयी काही लिहून ठेवले नाही. जे आहे ते पुढे जमवलेल्या आठवणींच्या तुकड्यांत आहे, कुणाचे चार परिच्छेद तर कुणाच्या दोन ओळी. लेखिकेने ते तुकडे एकाच काल्पनिक बाईच्या अंगावर चढवले असते तर कथानक गोळीबंद झाले असते हे खरे, पण ती बाई मग नमुन्याची ठरली असती. यादीमुळे निदान फरक शाबूत राहतात.

साशंक

बखरवाचक, माहितीबद्दल आभार. तरीही पुस्तक मुळातल्या तुकड्यांशी प्रामाणिक आहे हे ऐतिहासिक समर्थन झाले, वाङ्मयीन नव्हे.

जुनी_चावडी

समूहस्वर म्हटल्यावर मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. त्यांत ‘आम्ही’ फारसे सापडत नाही, ‘मी’ सापडते. पण हे ‘मी’ कुणा एकीचे नसते. जात्यावर बसणारी प्रत्येकजण ते उचलते, आपल्या भावाचे नाव त्यात घालते आणि खुंटा दुसरीच्या हाती देते. म्हणजे आपल्याकडे बायकांनी समूहासाठी एकवचन वापरले. नदीकाठताई, एखादे पान ‘मी’ ठेवून करून पाहावे का? ‘मी शेतावर गेले, मी शहरात धुणी धुतली’ असे. क्रियापदातले बाईपणही परत येईल.

नदीकाठ

चावडी, मोह होतो, पण नाही. ओवी ऐकणाऱ्याला ती पद्धत ठाऊक असते. गद्यात ‘मी’ आले की वाचक एकच बाई शोधणार, आणि तिला एका पानात चार नवरे निघाल्यावर गोंधळणार. शिवाय या बायका ‘मी’ म्हणत नाहीत, किंवा त्यांना ते म्हणू दिले गेले नाही, हाही पुस्तकाचाच भाग आहे.

साशंक, माणूस हाती लागत नाही म्हणता, तर सातवे प्रकरण पुन्हा पाहावे. सामान आवरून निघण्याचा शेवटचा दिवस येतो आणि इतका वेळ समूहात दडलेली नावे एकामागून एक बाहेर येऊ लागतात. कोण काय घालून निघाली, कोणी काय मागे ठेवले, एकेकीला एकेक वाक्य. सरकारने ज्या दिवशी त्यांना सरसकट एकच ठरवले, त्या दिवशी पुस्तक त्यांना वेगवेगळे पाहू लागते. आधीची यादी नसती तर हा धक्का बसला नसता.

हडसनकाठची

मी न्यू जर्सीत राहते आणि हे पुस्तक आमच्या सासूबाईंना वाचून दाखवले होते. त्या १९७४ साली लग्नानंतर इकडे आल्या. मामंजी तीन आठवड्यांच्या रजेवर सांगलीला गेले, मुली पाहिल्या, लग्न करून परतले. त्याआधी स्थळ म्हणून जे छायाचित्र पाठवले होते त्यात ते एका लांबलचक मोटारीला टेकून उभे आहेत. मोटार शेजाऱ्याची होती. कादंबरीतले नवरेही छायाचित्रात फोर्ड गाडीला टेकलेले आहेत हे वाचल्यावर सासूबाई इतक्या हसल्या की मला पुस्तक मिटावे लागले.

पण लगेच त्यांनीच सांगितले की आपली आणि त्यांची गोष्ट एक नव्हे. सासूबाई विमानाने आल्या, शिकलेल्या होत्या, आणि नवरा अभियंता आहे असे सांगितले होते तो अभियंताच निघाला. इकडच्या मराठी वर्तुळात स्थलांतराचे कोणतेही पुस्तक निघाले की ‘अगदी आपलीच कहाणी’ असे म्हणण्याची सवय आहे. या पुस्तकातल्या बायका पहाटे चारला उठून वाफ्यात वाकत होत्या आणि ती जमीन त्यांच्या नावावर कधीच होऊ शकत नव्हती. ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा शब्द, असे आपण वर म्हटले आहे. मला त्या बाहेर राहण्याचे महत्त्व पटते.

बखरवाचक

हडसनकाठची यांनी जमिनीचा उल्लेख केला म्हणून एक खरा दुवा जोडतो. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र परकीयांना शेतजमीन विकत घेण्याची बंदी केली. अपात्र कोण, हे पुढे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. १९२२ मध्ये नागरिकत्व मागणारे जपानी स्थलांतरित ताकाओ ओझावा यांनी आपली कातडी गोरीच आहे असे म्हटले, तेव्हा उत्तर मिळाले की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. अवघ्या तीन महिन्यांनी नागरिकत्व मागणारे भारतीय स्थलांतरित भगतसिंग थिंड यांच्या वतीने सांगण्यात आले की उत्तर भारतीय तर कॉकेशियनच आहेत, तेव्हा उत्तर मिळाले की सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. दोन्ही निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिले, आणि ते स्वतः इंग्लंडात जन्मलेले स्थलांतरित होते. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा खटाटोप नंतर सरकारने केला. ते स्वतःसाठी लढले आणि जिंकले. जपानी पहिल्या पिढीला नागरिक होण्याची वाट १९५२ मध्ये मोकळी झाली. तोवर कादंबरीतल्या थोरल्या बायका म्हाताऱ्या झाल्या असतील.

आणि छावण्यांविषयी एवढेच. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली आणि जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० जणांना छावण्यांत हलवण्यात आले. त्यांतले जवळपास दोन तृतीयांश अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे जन्माने नागरिक होते. काही कुटुंबांना आधी सांता अनिता आणि टॅनफोरन इथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानांवर, तबेल्यांच्या कप्प्यांत ठेवले गेले. लेखिकेची आई लहानपणी युटातल्या टोपाझ छावणीत होती. ओत्सुका यांची २००२ ची पहिली कादंबरी त्याच काळावर आहे.

चैत्यगिरी

शीर्षकाविषयी कुणी बोलले नाही म्हणून लिहितो. ‘बुद्ध’ हा शब्द मराठी वाचकाच्या मनात रिकामा येत नाही. आमच्या घरी आजोबांनी १९५६ साली नागपुरात दीक्षा घेतली. त्यांनी आणलेली मूर्ती बाहेरच्या खोलीत, दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशी आहे. बुद्ध अडगळीत ठेवल्याचे शीर्षक वाचून मला आधी राग आला होता हे कबूल करतो.

पुस्तक वाचल्यावर तो गेला. हारुको नावाची बाई घर सोडताना एक लहानशी हसरी पितळी मूर्ती माळ्याच्या कोपऱ्यात, उंचावर ठेवून जाते आणि ती मूर्ती तिथे अजून हसते आहे, असा तो प्रसंग आहे. पहिली गोष्ट म्हणजे अशी हसरी मूर्ती सहसा गौतम बुद्धाची नसते. जपानीत जो ‘होतेई’ म्हणून ओळखला जातो त्या ढेरपोट्या साधूची असते, जी आपल्याकडे भेटवस्तूंच्या दुकानात ‘लाफिंग बुद्धा’ म्हणून मिळते. दुसरी गोष्ट म्हणजे काळ. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर अमेरिकेतली जपानी कुटुंबे पत्रे, बाहुल्या, किमोनो, देव्हारेसुद्धा जाळत किंवा पुरत होती, कारण घरात सापडलेली कोणतीही जपानी वस्तू संशयाला पुरेशी होती. तेव्हा ती मूर्ती टाकलेली नाही. जिथे कुणाचा हात सहज जाणार नाही तिथे ठेवली आहे.

वाशिष्ठीकाठ

शब्द मात्र ‘माळा’च घ्यावा, ‘पोटमाळा’ नको. पोटमाळा खोलीच्या आतच काढलेला असतो. आमच्या चिपळूणकडच्या जुन्या घरात आढ्याखाली सबंध घरभर पसरलेला माळा आहे, शिडीने वर जावे लागते, कौलांच्या फटीतून उन्हाच्या रेषा येतात, आणि नारळ, तुटका पाळणा, आजीच्या लग्नातली पितळेची समई असे सगळे तिथे असते. अमेरिकेतल्या उतरत्या छपराखालच्या जागेला हेच जवळचे वाटते. ‘अडगळीची खोली’ असे कृपया करू नका; त्यातली उंची हरवेल.

जुनी_चावडी

शेवटच्या प्रकरणाचा प्रश्न तसाच राहिला. माझे मत ‘आपण’च्या बाजूने. बायकांच्या दुःखापासून वाचक बाहेर होता. पण शेजारी रातोरात नाहीसे झाले, थोडे दिवस चुटपुट लागली, त्यांच्या घरांत नवे लोक आले आणि मग चेहरेही आठवेनासे झाले, हे करणाऱ्यांत वाचक असतोच. मराठीने दिलेली सोय का सोडावी?

साशंक

इथे मी चावडींच्या विरुद्ध आहे. मूळ लेखिकेने जे उघड म्हटले नाही ते अनुवादकाने वाचकाच्या गळ्यात का घालावे? त्या प्रकरणात महापौरांच्या तोंडी जी वाक्ये आहेत, त्यांतली काही २००१ मधल्या अमेरिकी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांच्या निवेदनातून जशीच्या तशी घेतली आहेत, आणि लेखिकेने ते पुस्तकाच्या शेवटी आभारांत सांगून टाकले आहे. बोट दाखवायचे तिथे तिने असे हळूच दाखवले. हे प्रकरण मला आवडले होते, हे नोंदवून ठेवतो.

नदीकाठ

दोघांचेही वाचून दोन्ही प्रकारे एकेक पान करून पाहिले आणि गटात मोठ्याने वाचले. ‘आपण’ घातले की स्वर एकदम सभेतल्या भाषणासारखा होतो, ‘आपण सारेच दोषी आहोत’ अशा धर्तीचा. ‘आम्ही’ ठेवले तेव्हा पहिल्या परिच्छेदात कुणाच्या काही लक्षातच आले नाही. सात प्रकरणे जो शब्द बायकांचा होता तोच चालू आहे असे ऐकणाऱ्यांना वाटले, आणि मग मध्येच एक आजी म्हणाल्या, “थांब, हे बोलतंय कोण आता?” घरे, दुकाने, वाफे यांच्यासारखा तो शब्दही दुसऱ्यांनी ताब्यात घेतला होता. तेव्हा दोन्हीकडे ‘आम्ही’. ‘जणी’ मात्र सातव्या प्रकरणाअखेर थांबतात, आणि तेवढाच फरक मी ठेवला आहे. शीर्षक ‘माळ्यावरचा बुद्ध’. वाशिष्ठीकाठ आणि चैत्यगिरी, तुमचे ऋण.

पुढच्या बैठकीसाठी मुलांविषयीचे प्रकरण करायचे आहे. त्यात मुले शाळेत जाऊन स्वतःला इंग्रजी नावे घेतात, जी आयांना उच्चारता येत नाहीत, आणि हळूहळू त्यांना आयांची लाज वाटू लागते. ही मुले आईला ‘तू’ म्हणतील की ‘तुम्ही’? आपल्याकडे आईला ‘तू’ म्हणण्यात जवळीक आहे. इथे तर ती तुटते आहे.

हडसनकाठची

‘तू’च ठेवा. आमचा मुलगा सासूबाईंशी बोलताना मराठी वाक्यातही ‘यू’ म्हणतो, आणि तो ‘यू’ कधी ‘तू’ असतो आणि कधी ‘तुम्ही’, हे त्या त्याच्या तोंडाकडे बघून ठरवतात.